वाचल्याचा नारळ

बदलापूरच्या त्या साइटवर रुजू झाले तेव्हा मला सगळ्यात आधी राग आला तो करवंट्यांचा. जिथे बघावं तिथे फुटलेला नारळ. जिन्याच्या तोंडाशी, सळया कापायच्या मशीनपाशी, आणि मालाच्या लिफ्टच्या पायाशी तर विचारूच नका. मी सेफ्टी ऑफिसर. माणूस कशात अडखळतो आणि कसा पडतो हे बघण्याचाच मला पगार मिळतो. पहिल्याच दिवशी मी सुपरवायझरला म्हटलं, "अहो, इथे बिल्डिंग बांधताय की जत्रा भरवलीय?" तो हसला. म्हणाला, "मॅडम, श्रद्धेचा विषय आहे." श्रद्धेचा विषय म्हटलं की आपल्याकडे हातातला झाडूसुद्धा थांबतो. 

मी मूळची अंबरनाथची. वडील मोरिवलीजवळच्या एका कारखान्यात अधिकारी होते, आणि मीही बरीच वर्षं त्याच भागात केमिकलच्या कारखान्यांत सेफ्टीचं काम केलं. कारखान्यात एक बरं असतं. माणसं तीच, मशीन तेच, जागा तीच. कुणाचा हात भाजला तर दुपारच्या चहापर्यंत सगळ्या प्लांटला माहीत. बांधकामाचं तसं नाही. आज जिथे भोक आहे तिथे उद्या भिंत, आज जो माणूस भेटला तो उद्या गावाला गेलेला. माझा कारखाना बंद पडला आणि ही नोकरी आली तेव्हा घरच्यांनी सांगून पाहिलं, की कशाला त्या धुळीत जातेस, घरी बस थोडे दिवस. घरी बसले असते तर पहिल्याच आठवड्यात घरच्यांनीच हात जोडले असते. मी गेले.

माझं मुख्य काम मोजण्याचं. दर महिन्याला हेड ऑफिसला आकडे जायचे. किती मेले, किती जण लागल्यामुळे कामावर येऊ शकले नाहीत, किती जणांचं पट्टी बांधून भागलं, आणि शेवटचा रकाना 'नियर मिस'चा. नियर मिस म्हणजे होता होता राहिलेला अपघात. वरून वीट पडली आणि डोक्याशेजारून गेली, की तो नियर मिस. आमच्या धंद्यात याला फार किंमत, कारण आज शेजारून गेलेली वीट उद्या डोक्यात बसते. मेलेल्यांची मोजणी करून काय कप्पाळ हाती लागणार? वाचलेल्यांची केली तर निदान काहीतरी थांबवता येतं.

तर या साइटवर माझ्या आधीपासून सगळ्या रकान्यांत शून्य होतं. एवढी उंच बिल्डिंग, एवढी माणसं, आणि कुणाला खरचटलंसुद्धा नाही म्हणे. प्रोजेक्ट मॅनेजर तसा सज्जन माणूस, पण सदा घाईत. मी विचारलं तर म्हणाला, "मॅडम, हेड ऑफिसला नियर मिसमध्ये शून्य चालत नाही. त्यांना वाटतं आपण लपवतो. तुम्ही दोन-तीन टाकत जा दर महिन्याला. फक्त सोज्वळ टाका. पाणी सांडलं होतं, पाय घसरता घसरता राहिला, असे."

सोज्वळ नियर मिस! मला आधी हसू आलं आणि मग तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "सर, खरे असतील तेच टाकीन." तो म्हणाला, "मग मिळवा," आणि फोन कानाला लावून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काम सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना गोळा केलं. अर्धे हिंदी बोलणारे, थोडे बंगाली, बाकी आसपासच्या वाड्यांवरचे. मी विचारलं, "किसी का ॲक्सिडेंट हुआ क्या? डरो मत, बताओ." एक सळईवाला उत्साहानं पुढे आला. हो म्हणाला, परवा हायवेवर टेम्पो उलटला, ड्रायव्हरचा पाय मोडला. मग दुसऱ्यानं कुणाच्या तरी बाइकचं सांगितलं. दहा मिनिटं मी रस्त्यावरच्या अपघातांच्या बातम्या ऐकत उभी. शेवटी ओरडले, "अरे बाबांनो, साइटवर! इथे!" सगळ्यांनी माना हलवल्या. साइटवर काही नाही. आणि हे सांगणाऱ्या सळईवाल्याच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली, त्यातून रक्त आलेलं. मी बोट दाखवलं तर तो म्हणाला, "ये? ये तो लग गया."

तेव्हा मला इथली भाषा कळायला लागली. हात कापला, नख फुटलं, खिळा घुसला, तर ते 'लागलं'. ॲक्सिडेंट हा गाड्यांचा होतो. नाहीतर साहेब लोकांचा. एक तरुण इंजिनिअर जिन्यात पाय मुरगळून बसला होता, त्याला गाडी आली, खुर्चीवर बसवून उचलून नेलं, आणि त्याची गोष्ट मात्र सगळे 'इंजिनिअर साब का ॲक्सिडेंट' म्हणून सांगत. नियर मिसबद्दल तर बोलायलाच नको. तो शब्द मी इतक्या वेळा उच्चारला की पोरांनी माझंच नाव 'नियर मिस' पाडलं. मी लांबून दिसले की कुणीतरी हळूच म्हणायचं, "नियर मिस आ गयी, हेल्मेट डाल." लग्नाला पंधरा वर्षं होऊन गेल्यावर मी पुन्हा मिस झाले.

लिफ्टच्या पायाशी माल भरायला एक मावशी होत्या. बारवी धरणाकडच्या एका वाडीतून यायच्या. पावसाळ्यात घरचा भात लावायच्या, बाकीचे महिने बिगारी काम. वय पन्नाशीचं, अंगानं काटक, तोंडानं फटकळ. त्यांचं काम असं, की लिफ्टची ट्रॉली खाली आली की त्यात सिमेंटचे ब्लॉक नाहीतर रेतीची घमेली भरायची, आणि ट्रॉली वर गेली की तिथेच उभं राहून पुढचा माल रचून ठेवायचा. ब्लॉकचा ढीग लिफ्टला चिकटूनच होता. म्हणजे भरलेली ट्रॉली डोक्यावर चढत असायची आणि मावशी खाली. ट्रॉली ओढणारी विंच चालवणारा ऑपरेटर थोडा लांब बसायचा, डोक्यावर स्वतःपुरता एक पत्रा लावून. उन्हासाठी.

एक दिवस मी तिथे करवंटीला अडखळले. पडता पडता राहिले, आणि माझ्या तोंडाचा जो काही पट्टा सुटला! "मावशी, हे नारळ कोण फोडतं इथे? देव तिकडे गेटपाशी बसवलाय ना? मग तिकडे फोडा की!"

मावशींनी ब्लॉक खाली ठेवला आणि माझ्याकडे मी जरा कमी शिकलेली असल्यासारखं पाहिलं. "त्यो देवाचा नारल गेटवर. ह्यो वाचल्याचा हाय."

"कसला?"

"वाचल्याचा. जिथं वाचला तिथंच फोडायचा आसतो. काल वरून बलाक आला, माझ्या कानाशी गेला. मी वाचली. मंग सकाली येताना नारल आनला."

"आणि हा दुसरा?"

"ह्यो त्याच्या आदीचा."

मी तिथेच ब्लॉकवर बसले. महिनाभर मी फॉर्म घेऊन फिरत होते, आणि नियर मिस सगळ्या साइटभर फोडून ठेवलेले होते. लपवत कुणीच नव्हतं. उलट प्रसाद वाटत होते. बंगाली सळईवाले नारळ फोडायचे नाहीत, पण खोबरं खायला आणि वर्गणी काढायला पुढे. मीसुद्धा दोन वेळा ते खोबरं खाल्लं होतं, गूळ नाही का, म्हणून विचारलं होतं!

त्या दिवसापासून मी ॲक्सिडेंट हा शब्द टाकून दिला. करवंटी दिसली की विचारायचं, "कोण वाचलं?" आणि माणसं घडाघडा सांगायची, कारण वाचलेल्याची गोष्ट सांगायला कुणाला आवडत नाही? स्टोअरमधून पिवळ्या रंगाचा डबा घेतला आणि जिथे जिथे नारळ फुटला होता तिथे जमिनीवर एक एक गोल काढला. नवा फुटला की नवा गोल. करवंट्या मग उचलून टाकायची मुभा मिळाली, तो फायदा वेगळा. दोन गोल जिन्याशी, एक मशीनपाशी, इकडे तिकडे सुटे काही. आणि लिफ्टच्या पायाशी इतके, की एकमेकांवर चढलेले. त्या गोलांच्या मधोमध मावशी उभ्या राहून काम करायच्या.  कारण काय ते सगळ्यांनी एकच सांगितलं. ट्रॉली वर जाता जाता मध्येच हिसका खाते, वीतभर खाली येते, पुन्हा धरते. त्या हिसक्यात वरचे ब्लॉक निसटतात.

मी मॅनेजरला गोलांपाशी आणून उभं केलं. तो म्हणाला, "रांगोळी छान आहे. पण वरचा स्लॅब अडलाय, मॅडम. आठवडाभर लिफ्ट थांबवता येणार नाही." मी म्हटलं, "आठवडाभर नको, आत्ता थांबवा." तो नाही म्हणाला. मग मी विंचच्या पॅनलची किल्ली काढली, पर्समध्ये टाकली आणि पर्स काखेत मारून बसले. तो चिडला, मी चिडले, दोघांनी एकमेकांची यथेच्छ अक्कल काढली. शेवटी उल्हासनगर कॅम्प दोनमधून एका मेकॅनिकला बोलावलं. जाडसर, शांत, सिंधी गृहस्थ. त्याने विंचचा ब्रेक उघडला, आतली घासून कागदासारखी झालेली पट्टी दोन बोटांत धरली आणि म्हणाला, "मॅडम, ये ब्रेक पे नहीं चल रहा. ये इज्जत पे चल रहा है."

नुसती पट्टी बदलून भागणार नव्हतं. त्याचं म्हणणं होतं सगळा ब्रेकच नवा घ्या. मॅनेजरनं वापरलेला, दुरुस्त केलेला एक आणून बसवला आणि लिफ्ट सुरू केली. माझं आणखी एक मागणं होतं, की ब्लॉकचा ढीग लांब न्या, नाहीतर माल भरण्याच्या जागेवर भक्कम छत घाला. पाइप, फळ्या, वर पत्रा. एका दिवसाचं काम. "स्लॅब होऊ दे, लगेच करू," असं उत्तर मिळालं.

त्या महिन्याचा रिपोर्ट मी खरा पाठवला. प्रत्येक गोलाचा एक नियर मिस, कुठे आणि कशाने ते लिहून. झालं! ठाण्याला मीटिंग लागली. भिंतीवर सगळ्या साइटच्या आकड्यांचा आलेख. बाकीच्यांच्या उदबत्तीच्या काड्या आणि आमचा लाल खांब. सगळ्यात धोकादायक साइट आमची. ज्यांनी सोज्वळ टाकले होते ते आरामात बिस्किटं खात बसलेले. आमच्या मॅनेजरनं हात वर केले. "सर, मॅडम आल्यापासून हे वाढलंय." मी म्हटलं, "थर्मामीटर लावला म्हणून ताप चढला, असं म्हणताय तुम्ही." एकजण हसला, पण तो फार खालच्या पदावरचा होता. आठ दिवसांत माझी बदली उल्हासनगरला झाली, कॅम्प दोनच्या बाजारातल्या एका जुन्या इमारतीच्या जागी नवी उठणार होती तिथे. अजून जुनी पाडायचीच होती. मोजायला काही म्हणजे काही नव्हतं. रिपोर्टात शून्य लिहिताना माझा हात शिवशिवायचा, पण ते खरंच शून्य होतं.

निघताना मावशींना माझा नंबर दिला होता. त्यांनी तो नातवाकडून मोबाइलमध्ये घालून घेतला. काही आठवड्यांनी दुपारी फोन आला. मी कपड्यांच्या दुकानांच्या गर्दीत उभी, कानात बोट घालून ऐकत होते.

"म्याडम, मी बोलते. लिफ्टखालची."

"बोला मावशी. कशा आहात?"

"बरी हाय. बाय, हितं नारल बंद केला."

मला आधी कळेना. मग त्यांनी नीट सांगितलं. गेटवर बोर्ड लागला होता. त्यांना वाचता येत नव्हतं, वॉचमननं वाचून दाखवला. साइटवर नारळ फोडण्यास सक्त मनाई. करवंट्यांवरून पाय घसरण्याचा धोका. वॉचमन सकाळी पिशव्या बघायचा आणि नारळ काढून ठेवायचा. पिवळे गोलही कुणीतरी खरवडून काढले होते.

"लिफ्टवर छत घातलं का?"

"नाय घातला. काल परत बलाक आला. खांद्याशी गेला. मी घरी नारल फोडला, पन म्हटला तुला सांगावा. नारल दिसला नाय तं तुला कसा कलनार?"

मी त्या साइटवर नव्हतेच, पण त्यांच्या लेखी मी कुठेतरी बसून नारळ मोजतच होते. मला गलबलून आलं. बाजारात, भर गर्दीत, सेलचे कुर्ते लटकलेल्या दोरीखाली. मी ओरडलेच त्यांच्यावर, "मावशी, ट्रॉली वर असताना तुम्ही बाजूला का नाही होत?"

"मंग माल कोन भरल?" त्या म्हणाल्या. रागाने नाही, सरळ विचारलं त्यांनी. 

छत लागलं, हे आधीच सांगून टाकते. कुणाचा जीव टांगणीला लावायची मला हौस नाही. दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली, हेल्मेट घातलं आणि स्कूटर काढून बदलापूर गाठलं. मॅनेजर म्हणाला, "मॅडम, ही तुमची साइट नाही आता." म्हटलं, "बरोबर. मी मावशींना भेटायला आलेय." दिवसभर लिफ्ट हलली नाही, वर स्लॅबवाले बोंबलत राहिले, आणि संध्याकाळपर्यंत पाइप, फळ्या, पत्रा सगळं उभं राहिलं. पुढच्या आठवड्यात नवा ब्रेकही आला. मला हेड ऑफिसकडून एक कडक पत्र आलं, ते मी घरी दाखवलंसुद्धा नाही.

लिफ्ट का हलली नाही, ते सांगायचं राहिलं. मी गेले तेव्हा ट्रॉली भरून झाली होती आणि मावशी ढिगापाशी वाकून पुढचे ब्लॉक रचत होत्या. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले, खरवडलेल्या गोलांवर. ऑपरेटर माझ्या ओळखीचा, चांगला माणूस. त्याने लिव्हरवर हात ठेवला, मला पाहिलं आणि हात काढून घेतला.

"मॅडम, वहाँ से हट जाइए."

मी म्हटलं, "तुम चलाओ. रोज चलाते हो ना?"

"नहीं मॅडम, हटिए. ऊपर से कुछ आ गया तो ॲक्सिडेंट हो जाएगा!"

मी हटले नाही. मावशीही हटल्या नाहीत. त्यांना कुणी हटायला सांगितलंच नव्हतं.